खिळ्यावरचा मोजा

थॉर्नबेक गावात कुणाचा नवरा कुठे आहे हे शोधावं लागत नसे. कोळशाच्या खाणीत पाळीवर नसला आणि क्लबात पेला धरून बसलेला नसला, तर तो घरांच्या रांगांमागच्या भाजीच्या वाफ्यांत, आपल्या खोपटात असायचा. तिथे हाक मारायची ती फाटकाबाहेरून, आणि तीही घराला आग लागली असेल तरच. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कुणी मोडत नव्हतं. बायकांनाही त्याचं फारसं वाईट वाटत नसे. एवढ्याशा घरात पाय पसरून बसलेला पुरुष म्हणजे अडगळच. ती परस्पर बाहेर जात असेल तर कुणाला नको आहे?

नॉर्मन हेस्लपच्या खोपटाचं दार मोडीत निघालेल्या रेल्वेच्या डब्याचं होतं, खिडकी पाडलेल्या शाळेची, आणि बसायला जुन्या बसमधलं बाकडं. आत एक लोखंडी शेगडी, काळी किटली, आल्याच्या बिस्किटांचा डबा. घरात नॉर्मन बोलायचा ते "हं" आणि "मीठ दे" एवढंच. खोपटात मात्र त्याला वाचा फुटायची, आणि ऐकायला रेज टिंडल असायचा. एकदा खाणीत छत खाली आलं तेव्हा दोघं एकाच खांबाच्या आडोशाला मदत येईपर्यंत बसून राहिले होते. असल्या दोस्तीला नाव ठेवायला कुणाची जीभ धजत नाही. रेजची बायको लवकर गेली, आणि तेव्हापासून खोपटाची दुसरी किल्ली त्याच्याच खिशात असायची. एल्सीला, नॉर्मनच्या बायकोला, लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी आतली शेगडी कुठल्या कोपऱ्यात आहे ते माहीत नव्हतं.

त्या खोपटातली सगळ्यात मोलाची वस्तू एका खिळ्याला टांगलेली असायची, एल्सीच्या जुन्या मोज्यात घालून. मोज्यात लीकचे गोंडे, म्हणजे फुलांचे तुरे, होते. लीक म्हणजे कांद्याच्याच कुळातली भाजी, पण थॉर्नबेकमध्ये तिला भाजी म्हणालात तर लोक तुमच्याकडे पाठ फिरवतील. सप्टेंबरात क्लबात लीकचं प्रदर्शन भरे. ज्याचं लीक सर्वांत जाड, त्याच्या बायकोने बक्षिसांतून आधी निवडायचं. कधी कपाट, कधी ब्लँकेटं, कधी भिंतीवरचं घड्याळ. एल्सीचं निम्मं घर असं लीकच्या जिवावर उभं राहिलं होतं.

हेस्लपांचा वाण नॉर्मनच्या बापाने जोपासलेला. त्याचं बी दुकानात मिळत नसे. तुऱ्यावर आलेल्या लीकची फुलं भादरून टाकली की गोंड्यावर हिरवे केस उगवतात, आणि एकेक केस म्हणजे एकेक रोप, मूळ झाडासारखं हुबेहूब. वाण ज्याचा त्याचा. कुणी मागायचा नाही, कुणी द्यायचा नाही, बापाने मुलाला द्यायचा. नॉर्मनला मूलबाळ नव्हतं. पुढे वाण कुणाकडे जाणार, हा प्रश्न त्याने कधी काढला नाही, आणि त्या मोज्याखाली बसून जन्मभर चहा पिणाऱ्या रेजनेही काढला नाही.

या वाणाची एक खूण होती. तिसरं पान बुडाशी किंचित डावीकडे मुरडलेलं असायचं. डोळ्यांना ते दिसत नसे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एल्सी लीक स्वयंपाकघरात घेऊन दुधात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसायची, तेव्हा तेवढं एक पान तिच्या अंगठ्याला आडवं यायचं. "तुझ्या बापासारखंच आहे, सरळ जाईल तर शपथ," असं ती दरवर्षी म्हणायची आणि नॉर्मन दरवर्षी "हं" म्हणायचा.

मग एका नोव्हेंबरात नॉर्मनची छाती भरली. जन्मभर गिळलेल्या कोळशाने आपला हिशेब मागितला म्हणा. त्याला हॉस्पिटलात नेलं, आणि गावात लोक त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलायला लागले. डॉक्टरांनी एल्सीला सांगितलं, वाचेल, पण ओल, बुरशी आणि धूर यांच्यापासून जपा. एल्सीला नवरा पुरता ओळखीचा होता. तो खोपट सोडणार नाही. मग खोपटच कोरडं करायला हवं. तिने रेजकडे किल्ली मागितली.

"किल्ली कशाला? मी सकाळी दार उघडून ठेवतो," रेज म्हणाला.

एल्सी पदरमोड करून राबली. भिंतींवरची बुरशी खरवडली, चुना मारला, जमिनीवर लिनोलियमचं आवरण घातलं, कुजलेली पोती बाहेर नेऊन जाळली. शेगडीच्या जागी बिनधुराचा हीटर आणला आणि बसच्या बाकड्याला स्वतः शिवलेली गादी घातली. हाताला फोड आले, पण तिला फार दिवसांनी असं काही करताना आनंद झाला होता.

नॉर्मन घरी आला तेव्हा ती त्याला हाताला धरून वाफ्यांकडे घेऊन गेली. दोघं आयुष्यात पहिल्यांदा त्या दारात शेजारी शेजारी उभी राहिली.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

नॉर्मन खिळ्याकडे बघत होता. "मोजा कुठे आहे?"

"कसला मोजा?"

"तिथे होता. तुझाच जुना."

"खिळा रिकामाच होता, नॉर्मन. मी त्याला तुझा टॉवेल अडकवलाय बघ."

"बाहेर हो," तो म्हणाला. ओरडला नाही.

संध्याकाळी रेज बिस्किटं घेऊन आला. नॉर्मन गादीवर बसला होता, टॉवेलकडे बघत.

"तिने मोजा जाळला ना रे?"

रेजने पाइपला काडी लावली होती, ती तशीच बोटांपर्यंत जळत आली. "हो," तो म्हणाला. "मी आलो तोवर पोत्यांबरोबर गेला होता. जळताना बघितला मी. तिला बोललो नाही काही. बिचारीला काय कळतंय त्यातलं?"

नॉर्मनने त्याचा हात दाबला. एवढी समजूत फक्त मित्रालाच असते, असं त्याला वाटलं.

घरात त्याने आरडाओरडा केला नाही, भांडी फेकली नाहीत. तो गप्प झाला. आधी बोलत नव्हता ती सवय होती, आता बोलत नव्हता ती शिक्षा होती, आणि एल्सीला हा फरक पहिल्याच जेवणाला कळला. पुढे तो जेवणाचं ताटही खोपटात न्यायला लागला.

"मी शपथ घेऊन सांगते, तिथे मोजा नव्हता," ती एकदा दारात आडवी उभी राहून म्हणाली.

"रेजने बघितलाय."

"आणि मी बघितलं ते?"

"रेजला खोटं बोलून काय मिळणार आहे?"

एल्सीने रडून पाहिलं, मग रडणं सोडलं. गावात ती हेस्लपांचा वाण जाळणारी बाई झाली. ब्रेडच्या दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. क्लबात म्हातारे नॉर्मनच्या खांद्यावर हात ठेवायचे, जणू त्याच्या घरात मयत झालंय. आणि नॉर्मन, हा शहाणा, तिनेच शिवलेल्या गादीवर, तिनेच आणलेल्या हीटरपाशी बसून तिच्यावर रुसला होता. तिचं ऊब देणं त्याला चालत होतं, तिचा शब्द चालत नव्हता.

उन्हाळा आला. नॉर्मनच्या वाफ्यात त्या वर्षी बटाटे होते. रेजचा वाफा पलीकडच्या टोकाला, गोणपाटाच्या पडद्याआड. जुलैनंतर सगळेच पडदे लावत, आणि दुसऱ्याच्या पडद्याआड डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीत डोकावण्यासारखं. नॉर्मनने कधी तसलं केलं नाही. रेजचं येणं कमी झालं होतं. "यंदा पाणी फार लागतं रे," तो म्हणायचा. नॉर्मनला ते पटायचं.

प्रदर्शनाला नॉर्मन गेला, कारण गेला नसता तर लोक म्हणाले असते, जळतो. निकाल लागल्यावर बायकांना आत सोडत, तेव्हा एल्सीही आली. पहिलं बक्षीस रेज टिंडलला होतं. आयुष्यात कधी तिसऱ्याच्या वर न गेलेला रेज. नॉर्मनने सगळ्यांच्या आधी जाऊन त्याचा हात हातात घेतला. "लेका, शेवटी साधलंस," असं म्हणाला आणि मनापासून म्हणाला. रेजचा हात ओला होता.

एल्सी टेबलापाशी थांबली. लीकला हात लावायची मनाई असते, पण तिने आजूबाजूला पाहिलंसुद्धा नाही. तिने आपला अंगठा पानांवरून खाली नेला, आणि एका जागी तो अडला.

"नॉर्मन," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. "हे पान मी दरवर्षी पुसलंय."

"रेजचं आहे ते."

"अंगठा लाव."

त्याने लावला. पान डावीकडे मुरडलेलं होतं, बापासारखं. नॉर्मनला आधी काही वाटलंच नाही. मग एकदम सगळं वाटलं. त्या खांबाच्या आडोशाला ज्याचा श्वास आपल्या मानेवर लागत होता, ज्याला किल्ली दिली, ज्याच्यापुढे मन मोकळं केलं, त्यानेच केसाने गळा कापला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर आपण त्या कुंपणाचा हात हातात घेऊन अभिनंदन करून आलो होतो.

क्लबच्या मागच्या अंगणात, बिअरच्या पिंपांशी त्याने रेजला गाठलं.

"तू नेलेस."

रेजने नाकारलं नाही. "त्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा. ती यायच्या आधी. लोक म्हणत होते, तू काही परत येत नाहीस. तुझ्यामागे त्या गोंड्यांचं काय झालं असतं, सांग? उंदरांनी खाल्ले असते."

"मी परत आलो."

"द्यायचेच होते. तुझी शपथ. त्या संध्याकाळी तेच सांगायला आलो होतो, पण तूच विचारलंस, तिने जाळला ना रे? मी हो म्हणालो. झालं." रेजचा आवाज चढला. "आणि तू तरी काय रे? जन्म गेला त्या मोज्याखाली बसून. एक केस दिला असतास कधी?"

"मागायचा होतास."

"मागत नाहीत, नॉर्मन. आणि मागितला असता तर तू दिला नसतास."

खरं होतं. म्हणूनच नॉर्मनला ते सहन होईना. त्याने हात पुढे केला. "किल्ली."

रेजने किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळी लीकं मोठ्या पातेल्यात शिजली आणि गाव सूप प्यायला जमलं. वाडगे रेजच्या नावाने उचलले गेले. नॉर्मन उभा राहिला. त्याला चारचौघांत बोलायची सवय नव्हती.

"मोजा एल्सीने जाळला नव्हता," तो म्हणाला. "तुम्ही पिताय ते हेस्लपांचं लीक आहे."

एवढंच बोलून तो बसला. रेज उठला, टोपी घेतली आणि बाहेर पडला. त्यानंतर तो क्लबात दिसला नाही.

घरी येताना नॉर्मनला वाटत होतं, निदान हिचा तरी काळिमा पुसला. एल्सीने कोट काढून ठेवला आणि टेबलापाशी बसली.

"तो काय म्हणाला ते नीट सांग."

नॉर्मनने सांगितलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं आणि सवयही नव्हती. सकाळचं दार, उंदीर, हॉस्पिटल, सगळं सांगितलं. आणि शेवटी ती संध्याकाळही सांगितली.

एल्सी ऐकत होती. "म्हणजे रेजने माझं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. "आधी तू घेतलंस. तो फक्त हो म्हणाला."

भिंतीवरचं बक्षिसाचं घड्याळ चालत होतं.

सोमवारी सकाळी खोपटाच्या दाराशी एक बादली होती. तीत मातीसकट उपटलेली लीकची रोपं, पुढच्या वर्षीचे गोंडे धरायला राखलेली. नॉर्मनने ती लावली. वाण वाचला. पण खोपटात बसून तो बोलणार कुणाशी? रेजची बाजू रिकामी होती, आणि त्या रिकाम्या बाजूचा त्याला रागही येत होता आणि रेजची आठवणही. चुना अजून पांढरा होता. आता त्याला तो दिसायला लागला. खिडकीच्या कोपऱ्यांत एल्सीने कुंचल्याऐवजी बोटाने चुना भरला होता, तिथे तिच्या बोटांचे ठसे होते.

थंडी पडायच्या सुमाराला तो एकदा स्वयंपाकघरात आला. एल्सी बटाटे सोलत होती. त्याने रेजकडून घेतलेली किल्ली तिच्यासमोर सालींशेजारी ठेवली.

"ही तुझी," तो म्हणाला. "कधीही येत जा. हाक मारायची गरज नाही."

एल्सीने किल्लीकडे पाहिलं. तिने ती ढकलली नाही आणि उचललीही नाही.

"मी एकदा आले होते, नॉर्मन," ती म्हणाली, आणि पुढचा बटाटा हातात घेतला.