यातला मिलिंदचा आवाज कोणता?

मिलिंद गेल्याची बातमी मला एका रोबोटनं दिली. सुलतानपूरला लग्नाचं काम होतं. मंडपाच्या खांबाला मी भोंगा बांधत होतो, आणि मोबाइलवर आमच्या धाड गावाच्या ग्रुपमध्ये एक चित्र आलं. निळा, डोंगराएवढा लोखंडी रोबोट, एक हात वर उचललेला, आणि गळ्यात मोबाइलवरच चिकटवलेला झेंडूचा हार. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मला वाटलं, पोरांची काहीतरी थट्टा चालली आहे. हसण्याचं चिन्ह पाठवायला अंगठा तिथवर गेलासुद्धा होता... तेवढ्यात खाली एकामागून एक जोडलेले हात यायला लागले आणि कुणीतरी लिहिलं, 'मिलिंददादा, तुमचा आवाज अमर राहील.' मी त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं, सुनंदा वहिनीनं, उचलला आणि मागून रडारड ऐकू आली. सकाळी त्याच्या छातीत कळ आली, जीपमध्ये घालून बुलढाण्याला निघाले, आणि रस्त्यातच सगळं संपलं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी नुसता खांबाला धरून उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच वेड्यासारखी गोष्ट फिरत होती, की अरे, हा रोबोट तर अख्ख्या मालिकेत एक शब्द बोलत नाही.

हे नीट सांगायला हवं, कारण लोकांचा इथंच घोळ होतो. मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र. मुंबईत तो परदेशी मालिकांना हिंदी आवाज द्यायचा. त्यातली एक जपानी कार्टून मालिका पोरांनी डोक्यावर घेतली. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक मालिकेबद्दलच बोलत बसतात. तिच्यात तो निळा रोबोट आहे आणि त्याच्या छातीत बसून त्याला चालवणारा, डोळ्यांवर केस आलेला सोळा वर्षांचा एक पोरगा आहे. मिलिंद त्या पोराचा आवाज. पण आमच्या गावात त्याला शेवटपर्यंत 'रोबोटवाला' म्हणत राहिले, आणि तोही कंटाळून 'हाव, मीच तो' म्हणायचा. दुरुस्त करत बसायचा त्याचा स्वभाव नव्हता. माझा आहे, म्हणून मी चिडतो.

त्याचा आवाज मुळात माझ्या भोंग्यातून बाहेर पडला. माझा साउंडचा धंदा वडिलांपासूनचा. धाडचा आठवडी बाजार असला की जीपला दोन भोंगे बांधायचे आणि गावोगाव पुकारा करत फिरायचं... बियाण्याचं दुकान, टुरिंग टॉकीज, कुणाची हरवलेली शेळी. गाडी मी चालवायचो, माइक मिलिंदकडे. हरवलेल्या शेळीचं वर्णन तो असं करायचा की बायका दारात येऊन उभ्या राहत. एकदा मी म्हटलं, "काऊन बे, शेळीसाठी एवढा जीव काढून राह्यला?" तर म्हणाला, "ज्याची हरवली त्याले विचार." पुढे तो मुंबईला गेला, तिथं पहिली काही वर्षं काय खाल्लं आणि कुठं झोपला हे त्यानं कधी सांगितलं नाही. आणि एक दिवस आमच्या टीव्हीवर तो जपानी पोरगा शुद्ध हिंदीत बोलायला लागला, आणि माझी आई म्हणाली, "हा तर आपला मिलिंद आहे." मी मानायला तयार नव्हतो. आमचा मिलिंद तर 'मले' आणि 'तुले' म्हणायचा.

या कामाची रीत त्यानं मला समजावली तेव्हा माझा गोंधळ वाढलाच. काचेच्या खोलीत उभं राहायचं, समोर चित्र, आणि कानात मूळच्या जपानी नटाचा आवाज. त्याचे ओठ जिथं मिटतात तिथं आपलं वाक्य मिटलं पाहिजे. मिलिंदला जपानीचं अक्षर येत नव्हतं. पण वर्षानुवर्षं तो एकच माणूस कानात घेऊन उभा राहिला, आणि त्या माणसाचा श्वास त्याला पाठ झाला. "या भागात त्याले सर्दी झाली होती," असं मला एकदा म्हणाला. मी विचारलं, तुला कसं कळलं? "अरे, माह्यंच नाक बंद झालं ना." नंतर स्टुडिओतल्या कुणीतरी त्याला त्या जपानी नटाचा फोटो दाखवला. तो सोळा वर्षांचा पोरगा म्हणजे प्रत्यक्षात साठीच्या पुढचा, टक्कल पडलेला, स्वेटर घातलेला गृहस्थ निघाला. मिलिंद तो फोटो मला दाखवून म्हणाला, "आपल्या पोस्टमास्तरसारखा दिसते, नाही?" आणि मग बराच वेळ फोटोकडे बघत बसला.

एक गोष्ट मात्र त्याला जमली नाही, आणि ती त्यानं फक्त घरच्यांना आणि मला सांगितली होती. मालिकेत शेवटाकडे त्या पोराचा जिवलग दोस्त मरतो आणि पोरगा ओरडतो. साधं ओरडणं नाही, ऐकणाऱ्याच्या हातातलं काम थांबतं. मिलिंदनं ते दिवसभर करून पाहिलं. घसा बसला, रक्ताची चव आली म्हणाला, पण डायरेक्टरला पटेना. शेवटी त्यांनी शब्द मिलिंदचे ठेवले आणि ओरडणं मूळच्या जपानी माणसाचंच राहू दिलं. जोड कुठं आहे हे कुणाला कळत नाही, इतकं बेमालूम बसलं. "मले नाही जमलं बे," एवढंच तो म्हणाला. आणि पोरांना आवडलं ते नेमकं तेच. जो तो भेटला की, "दादा, ते ओरडून दाखवा ना." मिलिंद हसायचा आणि घशावर हात ठेवायचा.

तो जपानी नट वारला तेव्हाची गंमत... गंमत म्हणू की काय म्हणू, मला अजून ठरवता येत नाही. मिलिंद गावी आला तो उतरलेल्या चेहऱ्यानंच. माझ्या आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाला, माझा माणूस गेला. कोण माणूस? नाव सांगितलं, ते कुणाला उच्चारता येईना. दोन दिवस तो जेवला नाही धड. मग स्वतःच वस्तीतल्या बौद्ध विहारात गेला आणि तिथल्या वडीलधाऱ्या बौद्धाचार्यांना म्हणाला, जपानमधले एक जण गेले, त्यांच्यासाठी वंदना घ्यायची आहे. आता जपानचे म्हटल्यावर आमच्या विहारात दुसरा अर्थ निघणारच नव्हता. ही बातमी वस्तीभर झाली ती अशी, की जपानचे पूज्य भंतेजी गेले, आणि मिलिंद त्यांचा शिष्य होता. संध्याकाळी पांढऱ्या साड्या नेसून बाया आल्या, माणसं आली, मेणबत्त्या लागल्या. माइक माझाच होता. मी मिलिंदच्या कानात म्हटलं, "सांग ना त्यायले, की तो कार्टूनवाला होता." तो म्हणाला, "राहू दे. एवढे लोक त्याच्यासाठी त्याच्या गावातही आले असतील का नाही, काय माहीत."

त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग एका म्हाताऱ्या बाबांनी आस्थेनं विचारलं, भंतेजींचं वय काय होतं? मिलिंद कुठं हरवला होता कोण जाणे, पटकन म्हणाला, "सोळा." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो सावरला, "म्हणजे... तसे साठच्या वर होते." बाबांनी क्षणभर विचार केला आणि सगळ्यांना समजावून सांगितलं, "चीवर धरून, म्हणजे भिक्खू होऊन, सोळा वर्षं झाली असतील." साऱ्यांनी मान डोलावली. मला हसू आवरत नव्हतं, आणि शेजारी मिलिंदच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ज्याला कधी भेटला नाही, ज्याच्या बायकोपोरांचं नाव माहीत नाही, त्याच्यासाठी कुणी इतकं रडतं का? मी त्याला तसं विचारलंही. म्हणाला, "गजू, तू बोलून राह्यला ते मी ऐकतो. त्याचं मी ऐकत नव्हतो... त्याच्या आत उभा राहत होतो." मला ते तेव्हा समजलं नाही आणि आता समजलं असंही नाही.

पुढे काम कमी झालं. टाळेबंदीत तो बायको-मुलीला घेऊन धाडला आला तो परत गेलाच नाही. आतल्या खोलीला गोधड्या टांगून त्यानं तिथंच एक माइक लावला, खताच्या आणि शाळांच्या जाहिराती करायचा. मुलगी प्रज्ञा बुलढाण्याला फार्मसीला. बाप-लेकीचं मेतकूट असं की तिसऱ्याला त्यांच्यात जागा नसायची. वहिनी मात्र त्या मालिकेचा एक भागही बसून पाहणाऱ्यातली नव्हती. "घरी जो बोलते तोच पुष्कळ झाला," म्हणायची.

आणि परवा त्याच्याच पुण्यानुमोदनाचा, म्हणजे दुखवट्याचा, कार्यक्रम झाला. वंदना झाली, जलदान विधी झाला, माणसं बोलली. शेवटी गावातल्या पोरांनी पेनड्राइव्ह आणला, दादांची आठवण म्हणून लावा म्हणाले. मी लावला. पोरांनी त्या मालिकेतले मिलिंदचे संवाद एकाला एक जोडले होते, आणि शेवटी ते ओरडणं. माझे चार भोंगे लावलेले. वेशीपर्यंत ऐकू गेलं. मंडपातली माणसं ढसाढसा रडली. जो कधी मिलिंदशी धड बोलला नाही तोही डोळे पुसत होता. आणि मी यंत्रापाशी उभा, आवाजाच्या बटनावर बोट ठेवून... हे तर त्याचं नाही. माझ्या मित्राच्या दुखवट्याला पोस्टमास्तरसारखा दिसणारा कुणी परका ओरडत होता, आणि तोही मेलेला. फोटोशेजारी प्रज्ञा बसली होती. ती एकटी रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वायर गुंडाळायला गेलो तर ती ओसरीवर आली. वहिनी पलीकडे सुपात गहू निवडत बसली होती. प्रज्ञा हळूच म्हणाली, "काका, ते ओरडणं बाबांचं नाही ना?"

मी म्हटलं, "तुले सांगितलं नव्हतं का त्यानं?"

"सांगितलं होतं. पण सगळे म्हणून राह्यले ना बाबांचंच आहे म्हणून. मलेही तसंच वाटायले लागलं. काल मी डोळे मिटून बाबांले आठवत होते, तर तो जपानीच ओरडला." तिनं वायरचं एक टोक हातात घेतलं. "तुमी फक्त मले सांगा. पोरायले नका सांगू, रडले बिचारे."

मी सांगितलं, की नाही, ते त्याचं नाही. तिचा चेहरा सैल पडला, पण लगेच दुसरी भीती पुढे आली. मग बाबांचं आपल्याकडे काय आहे? आम्ही दोघं शोधायला बसलो. मालिकेतला आवाज सोळा वर्षांच्या पोराचा. जाहिरातीतला आवाज हेडमास्तरचा. मोबाइलवर तो कधी बोलून निरोप पाठवायचा नाही, सगळं टाइप करायचा. 'आवाजावर पोट आहे माह्यं, फुकट नाही वापरत' अशी त्याची थट्टा असायची. लग्नांचे व्हिडिओ पाहिले, त्यात तो कितीदा तरी तोंड हलवताना दिसतो, आणि वरून माझाच डीजे वाजतोय. मला माझ्या धंद्याचा इतका राग कधी आला नव्हता. एवढ्या आवाजांचा माणूस, आणि घरात बसून बोलायचा तो आवाज कुठंच नाही.

"चहा कसा मागायचे बाबा, सांगा बरं," प्रज्ञा म्हणाली. मी म्हणून दाखवलं. तिनं मान हलवली. "नाही काका, हे तुमीच बोलून राह्यले." मग तिनं म्हणून पाहिलं. शब्द तेच होते, पण तो नव्हता. तिनं पुन्हा केलं, आणखी बिघडलं. मला त्याचा आवाज माहीत आहे, मी तो चाळीस वर्षं ऐकला, पण आणायला गेलो की माझ्याच घशात येऊन बसतो. पोरीनं मोबाइल पालथा ठेवला. मला वाटलं, आत्ता, या ओसरीवर, तो दुसऱ्यांदा जाणार.

तेव्हा वहिनी बोलली. मान वर केली नाही, गव्हातला खडा वेचत होती. आवाज बाईचाच, पण शब्द ओढायची ती आळशी तऱ्हा, मधेच नाकातून सोडलेला श्वास, शेवटी उगाच आणलेला रुसवा...

"पिल्लू, चहाचं काही जमते का, का मीच उठू?"

"उठले बाबा," प्रज्ञा म्हणाली, आणि खरंच उठली. आत गेली, भांडं घेतलं, पाणी ओतलं, गॅस पेटवला. मग तिथंच थबकली. मी वहिनीकडे पाहिलं. ती स्वतःच दचकल्यासारखी सुपाकडे बघत बसली होती, हात गव्हात तसाच.

आतून, पाठ न वळवता, प्रज्ञा म्हणाली, "आई, अजून एकदा म्हण."

वहिनीनं सूप खाली ठेवलं, आणि म्हटलं.