आत काय भरलंय?

कुठलीही नवी वस्तू समोर आली की ताई आधी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायच्या आणि मान वाकडी करून ऐकायच्या. मग विचारायच्या, “आत काय भरलंय?”

असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या ताई संशयी होत्या, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

हैदराबादेत तारनाक्याच्या आमच्या कार्यशाळेत त्या लाकडाचे पुतळे कोरायच्या. घराणं जुनं हैदराबादी, शिक्षण कलाशाळेतलं. मी पुण्याहून आले ती थ्रीडी प्रिंटर चालवायला. थरावर थर चढत वस्तू उभी राहताना त्या लांबून पाहायच्या.

“तू चढवत जातेस, मी उतरवत जाते. चढवलेल्यावर भरोसा नक्को. आत पोकळ असलं तरी कोणाला कळणार?”

“आतून जाळी असते, ताई.”

“तेच म्हणते मी.”

मी जेवायला गेले की त्या प्रिंटर बंद आहे ना, ते बघून यायच्या.

एकदा एक गृहस्थ वारलेल्या वडिलांचा फोटो घेऊन आले. सागवानात मुखवटा हवा होता. आधी नमुना म्हणून मी तो प्रिंटरवर काढला. ताईंनी फोटो उजेडात धरला.

“वय काय होतं?”

“सत्तरीच्या पुढे.”

“आणि गाल असे भरलेले?”

ते जरा ओशाळले. “शेवटी फार आजारी होते. तसा चेहरा नको वाटला. फोनवर थोडे भरून घेतले.”

दोन दिवसांनी त्यांच्या आई नमुना पाहायला आल्या. त्यांनी गालावरून हात फिरवला, “छान झालाय,” म्हणाल्या आणि हात काढून घेतला.

“कुठं अडलं?” ताईंनी विचारलं.

आजी मुलाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “दाढा काढल्यापासून इथं खळगा होता. तो नाही लागला हाताला.”

“आई, तेच आठवत बसायचं का?”

“मला तेच आठवतं, बाळा.”

ताईंनी सागवान घेतलं आणि गाल आत नेला, पटाशीने, चिमूट चिमूट. मुखवटा न्यायला आल्या त्या दिवशी आजींचा अंगठा त्या खळग्यात बसला आणि बराच वेळ तिथंच राहिला. मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ताईंची पटाशी सटकायला लागली. त्यांनी आधी धारेवर संशय घेतला, मग लाकडावर, मग माझ्यावर. “मूठ कोणी बदलली?” मी नाही म्हटलं, तरी त्यांनी मुठीवर टकटक करून ऐकलं. एका सकाळी तयार होत आलेल्या मूर्तीचं नाक उडालं. ताईंनी पटाशी खाली ठेवली आणि स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला. तो थरथरत होता. कोठी भागातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार.

आठवड्याने त्या माझ्या टेबलाशी आल्या. “चिकणमाती मिळेल का? त्यात चुकलं तर पुन्हा लावता येतं ना?”

“येतं.”

“नक्की?”

मी माती मळून दिली. त्यांनी आपल्या आईचा चेहरा घडवायला घेतला.

पुढच्या महिन्यात लेक त्यांना बंगळूरला घेऊन गेली. त्यांचा कार्यशाळेतला शेवटचा दिवस मला दिसतो तो असा: ताई स्टुलावर बसल्यात, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलंय. मातीची एवढीशी गोळी आईच्या कानाला लावली. मागे सरून, डोळे बारीक करून पाहिली. काढली. आणि पुन्हा लावली.