तुळशीचे बिनमाशीचे बोंबील

रेवदंड्याच्या तुळशीच्या सुक्या बोंबलांवर माशी बसत नसे. या गोष्टीचा तिला केवढा तोरा! "आमच्या हाताची सफाई हाय," ती गिऱ्हाइकाला सांगे आणि शेजारणीच्या बोंबलांकडे बघून नाक मुरडे. खरं तर माशी शहाणी होती, एवढंच. तुळशीचा नवरा हरेश्वर पोफळीच्या वाडीत फवारायचं कीटकनाशक आणून वाळत्या बोंबलांवर मारत असे. माशीला कळलं ते गिऱ्हाइकाला कळलं नाही.

त्या दुपारी समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता. दुसऱ्या कुणी पंप खाली ठेवला असता. हरेश्वरने उघड्या अंगाने, वाऱ्याकडे तोंड करून फवारलं आणि भिजलेलं तोंड गळ्यातल्या पंच्याने पुसलं. घटकाभरात तो घामाने डबडबला, ओकला, तोंडातून लाळ गळू लागली, छाती घरघरू लागली. शेजारच्या मोरूने निदान केलं, "चढलीय." मोरूचा त्या विषयातला अधिकार मोठा.

तुळशीला ते निदान फारच पसंत पडलं. फवाऱ्याचं नाव निघालं तर बोंबील कोण घेणार? रिक्षा सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत जन्मात दारूला न शिवलेला हरेश्वर पक्का बेवडा झाला होता. "लय पितात वो," म्हणत तिने डोळ्यांना पदरही लावला.

डॉक्टर प्रांजलीने त्याच्या पापण्या उघडल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"दारूने असं होत नाही. हे फवारणीचं विष आहे." तिने अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन दिलं आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायला सांगितलं. "अंगावर सांडलंय का? सांडलं असेल तर अजून कातडीतून आत जातंय. बोला!"

तुळशीने मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर नीराबाई बसली होती, तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, कालच बोंबील घेऊन गेलेली. तुळशी नवऱ्याची लाळ पुसत राहिली, त्याच्याच पंच्याने. मग त्या ओल्या पंच्यावर तिची नजर गेली. आपल्याच हाताने आपण त्याला विष चोळतोय!

"दारू न्हाय, डाक्टर!" ती किंचाळली. "बोंबलावर मारायचं औषध हाय! या पंच्यात पन हाय!"

नर्सने हातमोजे चढवले, पंचा हिसकावला, कपडे उतरवून हरेश्वरला साबणपाण्याने धुऊन काढलं. नीराबाईने तोंडाला पदर लावला.

हरेश्वर वाचला. पुरता शुद्धीवर आल्यावर तुळशीने त्याला सगळं सांगितलं, बेवडा म्हटल्याचंसुद्धा.

"आनि बोंबील?" त्याने विचारलं.

"सगळे खड्ड्यात टाकले."

"म्हंजे आदी मना टाकलंस, मंग बोंबील," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.