बंद दारावर गेलेला फोकस

आधीच सांगतो, भूत-खेत, संकेत वगैरे मी मानत नाही. देवासला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. मशीन चुकलं की कारण सापडतंच, हा माझा रोजचा अनुभव. शिक्षण हिंदी मीडियमचं, त्यामुळे मराठी लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या. हे घरी कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मागच्या हिवाळ्यात नवा मिररलेस कॅमेरा घेतला. त्याच सुमारास धारला माझ्या बायकोच्या, मेधाच्या, चुलत वहिनीचं डोहाळजेवण होतं. वहिनी म्हणजे स्वाती. तिचा नवरा हेमंत, आणि हेमंतचे वडील नाना. मेधाचे ते काका, म्हणजे माझे चुलत सासरे. फोटोग्राफर बोलवू नका, मी काढतो, असं मीच फुशारकीने सांगून ठेवलं होतं.

नानांच्या घराचा हॉल लांबट आहे. मधे फुलांनी सजवलेला झोपाळा, त्यावर स्वाती. डाव्या कोपऱ्यात खुर्चीवर नाना, आणि त्यांच्या मागे आतल्या खोलीचं दार. दुपारची वेळ, उजेड भरपूर.

कॅमेरा डोळ्याला लावला, बटण अर्धं दाबलं... आणि फोकसचा चौकोन स्वातीला सोडून सरळ डावीकडे, नानांवर! स्वाती धूसर, नाना स्पष्ट. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

हेमंत मला इंदुरी ढंगात भिया, म्हणजे भैया, म्हणतो. तो हसला, "भिया, नाक लागतंय तुमचं स्क्रीनला!"

म्हटलं खरंच असेल. हा कॅमेरा डोळ्याला लावलेला असताना स्क्रीनवर बोट फिरवलं की फोकस सरकतो, तसा नाकानेही सरकतो. सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनचा उजवा अर्धा भागच चालेल असं केलं. फरक नाही. टच पूर्ण बंद केला. चेहरा ओळखायचं फीचर बंद केलं. फोकस मधल्या एका बिंदूवर लॉक केला. तरी चौकोन नानांवरच.

बायका खोळंबल्या होत्या. स्वाती अवघडून बसली होती. कुणीतरी म्हणालं, "मोबाइलवरच काढो ना यार!" माझे कान तापले.

काढलेला एक फोटो मोठा करून बघितला. नानांचा चेहरा इतका स्पष्ट, की ओठाची एक बाजू खाली ओघळलेली दिसत होती. मी ते पाहिलं. नीट पाहिलं. आणि मनात काय आलं? हे तोंड वाकडं करून का बसलेत! फोटो डिलीट केला.

मग सगळ्यांसमोर, जरा चढ्या आवाजात बोललो, "नाना, तुम्ही आत जाऊन बसा बरं. तुमच्यामुळे एक फोटो धड येत नाहीये."

स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेच्या डोहाळजेवणात, नाना भिंतीला हात लावत उठले. "असू दे, असू दे," असं काहीसं पुटपुटले आणि आत गेले. दार लोटून घेतलं.

त्यानंतर फोटो छान येऊ लागले. मला वाटलं, झालं. स्वातीच्या हातात फुलांचा धनुष्यबाण दिला, बटण दाबलं — आणि चौकोन पुन्हा डावीकडे. रिकाम्या खुर्चीवर नाही, तिच्या मागच्या बंद दारावर. बॅटरी काढून पुन्हा घातली. दारावरच. ते फोटो आजही आहेत माझ्याकडे. त्यात स्वाती म्हणजे नुसते रंगांचे डाग, आणि दाराच्या लाकडाची रेघ न् रेघ दिसते.

मी वैतागून उठलो. दाराच्या पॉलिशवर उजेड चमकत असेल, दार उघडंच टाकावं, एवढाच विचार होता. दार ढकललं.

नाना पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते. डोळे उघडे. तोंड हलत होतं, आवाज नव्हता.

हेमंतने गाडी काढली. आधी धारचं हॉस्पिटल, मग इंदूर. अर्धांगाचा झटका होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

हॉस्पिटलच्या बाकावर मेधाने माझा हात धरला. "तुम्हाला बोलल्याचं वाईट वाटलं, म्हणून बघायला उठलात ना?"

मी म्हणालो, "हो."

इंदूरच्या सर्व्हिस सेंटरला कॅमेरा दाखवला. दोष काही नाही. "सर, टच ऑफ है, पॉइंट लॉक है, तो हिलेगा कैसे?" त्यानंतर एकदाही तो चौकोन जागचा हलला नाही. मी खूप वाचलं, खूप विचारलं. उत्तर नाही.

नाना आता काठी घेऊन चालतात, हळूहळू बोलतात. नातीला मांडीवर घेतात. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मी धीर करून विचारलं, "नाना, त्या दिवशी आतून कुणाला हाक मारली होती का?"

"आवाज कुठे होता, जावईबापू," ते म्हणाले. एकेक शब्द जुळवत होते. "मनात तुमचंच नाव घेत होतो."

"माझं? का?"

"म्हटलं, फोटो बिघडवला मी तुमचा. रागावलेत. उठता आलं तर... माफी मागावी."

हेमंत चहा घेऊन आला. सगळ्यांना पुन्हा सांगू लागला, भियामुळे नाना वाचले. नानाही मान हलवत होते. मी कपात बघत बसलो.