पत्र्याचा गडगडाट
काल लातुरात तालमीच्या जागेवरचा एक पत्रा वाऱ्यानं थरथरला आणि मला किल्लारीची ती संध्याकाळ आठवली. गणपतीचे दिवस होते. आमच्या नांदेडच्या नाटक मंडळीनं ढगांना हुकूम सोडणाऱ्या भोंदू बाबाचं नाटक नेलं होतं. बाबानं हात वर केला की मी पडद्यामागं मोठा पत्रा हलवून ढगांचा गडगडाट करायचो, आणि शेवटी तोच पत्रा लोकांपुढं आणून आम्ही त्याची लबाडी उघडी पाडायचो. ‘भीतीवरच यांचा धंदा चालतो, भीती फेकून द्या,’ असं पत्रकात ठणकावून छापलेलं. हदगावात लोक पोट धरून हसले होते. किल्लारीत पत्रा गडगडला आणि अख्खं सभागृह उठलं. पोरं उचलून सगळे मुकाट मैदानात जाऊन उभे राहिले. त्र्याण्णव साली तिथं भूकंप झाला तेव्हा आमच्यातलं कुणी जन्मलंही नव्हतं. आत एकच बाई उरली होती, फरशीवर तळहात टेकवून बसलेली. मी पत्रा घेऊनच धावलो. “मावशी, ह्यो बघा, नाटकातला पत्रा हाय!” “दिसतंय की लेका,” ती म्हणाली, “पर जरा गप ऱ्हा. खालचं बघू दे. तवा मी झोपले व्हते. लेकरू कुशीत व्हतं.” तिनं हात उचलला नाही. बाबांचा तो धंदा आम्ही अजूनही गावोगाव उघडा पाडतो, तेवढ्याच संतापानं. फक्त पत्रा हलवण्याआधी माझा तळहात आपोआप जमिनीवर जातो, आणि खालून काही येत नाही ना, हे कळेपर्यंत मी थांबतो.