नानांच्या फाईलीतली तारीख

आधीच सांगून टाकते – भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तिठ्यावर कुणी उतरवून टाकलेलं लिंबू पायानं बाजूला सारून पुढं जाणारी बाई आहे मी. तेव्हा ‘मॅडम, भास झाला असेल’ अशी खाली कमेंट लिहायला ज्यांचे हात शिवशिवतायत, त्यांनी इथंच थांबावं. भास कागदावर छापून येत नाही.

धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी क्लार्क आहे. माझ्या आधी त्या खुर्चीवर नाना होते. निवृत्त झाल्यावरही दोन महिने रोज येऊन त्यांनी मला काम शिकवलं. गेल्या वर्षी ते वारले.

नानांची एक पद्धत होती. सगळ्या मुलांची माहिती एकाच एक्सेल फाईलीत. बोनाफाईड, खेळाचे फॉर्म हे सगळं वर्डमध्ये, पण त्यात नाव आणि जन्मतारीख टाईप केलेली नसायची. एक्सेलमधून लिंक केलेली असायची. एक्सेलमध्ये मुलाचा रजिस्टर नंबर टाकला की त्याची माहिती फॉर्ममध्ये हजर. नाना म्हणायचे, “ताई, एका जागी लिव्हायचं, धा जागी दिसतंय. धा जागी लिव्हलं की धा चुका होत्यात बगा.”

मी मान डोलवायची आणि आपलंच खरं करायची. लिंक मला आवडत नाही. फाईल जरा हलली की तुटते आणि उघडताना दर वेळी ‘लिंक अपडेट करायच्या का?’ म्हणून विचारत बसते. कॉपी-पेस्ट केलं की विषय संपला!

नाना गेले आणि पंधरा दिवसांत त्यांचा कॉम्प्युटरही गेला. हार्ड डिस्क जळाली. कळंबच्या रिपेअरिंगवाल्यानं हात टेकले, मशीन भंगारात निघाली. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा मुलांच्या प्रवेशाचं जनरल रजिस्टर समोर ठेवून नवी एक्सेल फाईल मी स्वतः तयार केली. नानांचा म्हणून फक्त एक कोरा खेळाचा फॉर्म माझ्या पेन ड्राईव्हवर उरला होता.

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला आमचे खेळाचे सर धावत आले. खो-खोच्या जिल्हा निवडीसाठी मैनाचा फॉर्म चार वाजेपर्यंत धाराशिवला पोचायला हवा होता. मैना ईट गावाकडच्या मेंढपाळाच्या घरातली. पळायला लागली की डोळ्याला सापडत नाही अशी पोरगी. शिक्षण थांबवायला घरचे टपलेलेच होते. निवड झाली तरच पुढं शिकवू, असं बापानं बजावलं होतं.

माझ्या फाईलीत तिची जन्मतारीख होती एक जून. आमच्या भागात निम्म्या लोकांची हीच असते! मेंढरं घेऊन फिरणाऱ्या आई-बापाला तारीख ठाऊक नसली की मास्तर पोराला हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे. पोचला हात… घ्या, वय सहा, एक जून. पण एक जून धरली तर मैना चार महिन्यांनी मोठी ठरून वयोगटाबाहेर जात होती. सरांचा चेहरा उतरला. मला काय कमी वाईट वाटलं? पण नियम तो नियम.

नानांचा फॉर्म उघडला. ‘लिंक अपडेट करायच्या का?’ मी ‘नाही’ दाबलं. कोऱ्या फॉर्ममध्ये मैनाचं नाव आलं आणि पुढं तारीख – एकोणीस ऑक्टोबर.

लिंक कुठून येतेय ते पाहिलं. डी ड्राईव्हवरची नानांची फाईल. माझ्या कॉम्प्युटरला डी ड्राईव्ह नाहीच! मी लिंक तोडली, तारीख खोडली, हातानं एक जून टाईप करून प्रिंट दिली. स्क्रीनवर एक जून, कागदावर एकोणीस ऑक्टोबर. पुन्हा दिली. पुन्हा तेच. फॉर्म बंद करून नवीन कोऱ्या पानावर सगळं टाईप केलं… तिसऱ्या कागदावरही एकोणीस ऑक्टोबरच.

सर बघत होते. हळूच म्हणाले, “मॅडम, जाऊ द्या की तसंच. कॉम्प्युटरच म्हनतोय म्हनल्यावर…”

मी भडकले. “कॉम्प्युटर सही करत न्हाय सर, मी करते! रजिस्टरात जे हाय तेच जाणार.” मला शिकवायला नाना बसायचे त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून मोठ्यानं म्हणालेसुद्धा, “नाना, तुम्ही असाल तर असा. खोटं मी लिहिणार नाही.”

दारात मैनाची आई उभी होती, पालकाच्या सहीला बोलावलेली. ती म्हणाली, “खोटं कसं वो, मॅडम? ही दिवाळीच्या तोंडाला झाली, माझ्या माहेरी. नानांनी तिथल्या पंचायतीतून दाखला काढाय लावला आन् माझ्याम्होरं लाल पेनानं लिव्हलं. तुमी रजिस्टर बघितलं का?”

बघितलं का? सकाळपासून ‘रजिस्टरात आहे, रजिस्टरात आहे’ म्हणून मी भांडत होते आणि रजिस्टर उघडलंच नव्हतं.

उघडलं. मैनाच्या ओळीत एक जूनवर लाल रेघ, शेरा रकान्यात नानांचं अक्षर – ‘जन्मदाखल्यानुसार दुरुस्त, १९ ऑक्टोबर’ – आणि खाली हेडमास्तरांची सही. माझी चूक मला तिथंच कळली. त्या पानावर वरपासून खालपर्यंत एक जून दिसल्या आणि मी एकदा टाईप करून बाकीच्या ओळींना कॉपी-पेस्ट मारली होती. लाल शाईकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. लाज वाटली, खरंच सांगते.

माझ्या फाईलीत तारीख दुरुस्त करून नवा फॉर्म काढला, तो बाराच्या एसटीनं गेला. मैनाची निवड झाली. मग दुसऱ्या संघानं तक्रार केली की क्लार्कबाईंनी वय कमी केलं. मी रजिस्टर आणि दाखला पुढं ठेवला आणि माझी चूक लेखी दिली. निवड टिकली. आता काही जण म्हणतात, चूक झाकायला बाईंनी नानांचं भूत उभं केलं. अहो, झाकायची असती तर इथं सगळ्यांपुढं लिहिली असती का?

ते तीन कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. कॉम्प्युटरवाल्या दोघांना दाखवले. एक म्हणाला जुना डेटा साठून राहिला असेल, पण कोऱ्या पानावर तो कुठून आला हे त्याला सांगता आलं नाही. दुसरा चहा पिऊन गेला. पण म्हणून मी काही लिंबू-मिरची बांधणार नाही.

मैना मात्र पेढे घेऊन आली तेव्हा टेबलाशी घुटमळली. म्हणाली, “मॅडम, शाळेत आमा समद्यांचा वाढदिस एकाच दिशी असायचा, आन् तवा सुट्टी. माझा मला एकलीला दिवस हाय, व्हय ना?”

“व्हय,” मी म्हणाले, “तुझा तुला.”

त्यानंतर त्या पानावरच्या सगळ्या एक जून मी रजिस्टर मांडीवर घेऊन तपासल्या. आणखी तीन ओळींत लाल शाई निघाली. त्या तिघांसाठी कुठलाच कागद आपोआप छापून आला नव्हता.

नानांचा तो फॉर्म मी पुसला नाही. उघडला की अजून विचारतो, ‘लिंक अपडेट करायच्या का?’ मी आधी रजिस्टर उघडते. मग ‘हो’ म्हणते.