पाणबुडीतला गरम बिछाना

जर्मनीत समुद्रकाठी महायुद्धातली एक पाणबुडी लोकांना बघायला ठेवली आहे. आत मान वर करायचीही सोय नाही. भिंतीला लावलेल्या एका अरुंद बिछान्यापाशी एक म्हातारी जर्मन बाई उभी होती. मोडक्या इंग्रजीत मला म्हणाली, "माझा थोरला भाऊ अशाच पाणबुडीवर होता. दोघांत एक बिछाना. एक पहाऱ्यावरून आला की दुसऱ्याने उठून जायचं. त्याने पत्रात लिहिलं होतं, आई, काळजी करू नकोस, बिछाना कायम गरम असतो. आई किती खूश झाली होती!"

"मग?"

"पाणबुडी परतलीच नाही. आई मरेपर्यंत विचारायची, बुडताना तो पहाऱ्यावर होता की झोपलेला?"

झोपलेला असू दे, असं मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली. तो झोपलेला असेल, तर जोडीदार जागा असणार. त्यालाही आई होतीच की!

बाईने गादीवर बराच वेळ तळहात टेकून ठेवला. ती पुढे गेल्यावर मीही तिथेच हात ठेवला. गादी गरम लागली. तिच्यावर येऊन पडायला मात्र कुणी उरलं नव्हतं.